कमीत कमी ओमचं मशीन

आमच्या हॉलमध्ये दोन लाकडी खोकी होती. ती स्पीकर आहेत हे मला बरीच मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या लेखी ती टेबलं होती. खिडकीजवळच्या खोक्यावर मम्मीच्या शाळेतल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे, दाराजवळच्यावर इस्त्रीचे कपडे. दोन्हींवर मम्मीने विणलेले क्रोशाचे रुमाल, आणि ते इतके लांब की पुढची जाळी पूर्ण झाकली जायची. लपाछपी खेळताना मी एकदा त्या रुमालात डोकं घातलं तेव्हा नाकाला कापडी जाळी लागली, आणि जुन्या लाकडाचा, सरसाचा आणि धुळीचा मिळून एक वास आला, जो घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. "ढकलू नको हं," पप्पा म्हणाले. "आवाज आहे त्यात." मी त्या वयात सगळं अक्षरशः धरायचे. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या खोक्याजवळून जाताना पावलं हळू टाकत असे, आत कोणी झोपलंय अशा बेताने.

आमचा फ्लॅट गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. सकाळचा पहिला आवाज खालच्या पाण्याच्या मोटरचा, दुसरा मम्मीचा. मम्मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची, आणि मागच्या बाकावर पोचेल अशाच आवाजात घरातही मीठ मागायची. पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून. ते इतकं हळू बोलायचे की दूधवाला रोज "काय म्हणले?" असं विचारायचा आणि रोज तेवढंच दूध द्यायचा. मी पप्पांवर गेले होते. त्यात मला घातलं इंग्रजी शाळेत. शाळेत मराठी बोललं की बाई रागावायच्या आणि घरी मराठी बोललं की मम्मी सुधारायची. "ती रुमाल नाही, तो रुमाल. तो खिडकी नाही, ती खिडकी." इंग्रजीत वस्तूंना कसलं लिंग नसतं, त्या आपापल्या जागी गुपचूप पडून असतात. मराठीत मात्र प्रत्येक वाटी, प्रत्येक चमचा आपण तो की ती की ते हे ओळखून घ्यायला टपलेला. मी सरळ तोंड बंद ठेवायला शिकले. पाहुणे म्हणायचे, "मुलगी किती शांत आहे हो." शांत कसली, मी मनातल्या मनात वाक्य तपासत असायचे, आणि ते बरोबर आहे अशी खात्री होईपर्यंत विषय दुसरीकडे गेलेला असायचा.

बारावी झाली, कॉलेज सुरू झालं, आणि त्या काळात मला एक वेड लागलं जे घरात कोणालाच माहीत नव्हतं. सुरुवात साध्या इअरफोनपासून झाली. चांगला कुठला, हे शोधता शोधता मी मोबाईलवर अशा लोकांच्या गप्पा वाचू लागले जे दिवसरात्र फक्त आवाजाबद्दल भांडत असत. कुठल्या ॲम्प्लिफायरचा आवाज उबदार, कुठल्याचा कोरडा. कुठला नाटकातलं कुजबुजणं नीट पोचवतो, कुठला नुसताच गडगडतो. त्यांतला एकही ॲम्प्लिफायर मी पाहिलेला नव्हता, ऐकला तर मुळीच नव्हता. पण चित्रातली त्यांची मागची बाजू, त्या सगळ्या गोल खोबणी, लाल-काळे स्क्रू, हे मला तोंडपाठ होतं. माझ्या मैत्रिणी कपड्यांच्या साइटवर जशा रमायच्या तशी मी त्या मागच्या बाजूंमध्ये रमायचे. आजही मी कोणाकडे गेले की आधी टीव्हीच्या मागे बघते, आणि लोकांना वाटतं मी त्यांची धूळ बघते आहे.

मग मम्मीने मोठा टीव्ही घेतला. भिंतीवर लावल्यावर हॉल एकदम लहान झाला. चित्र असं की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलं मोजता यावं, पण आवाज मात्र टिनपाट. जणू ती बाई डब्यात बसून बोलते आहे. मम्मीने दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "होम थिएटर घ्यायचं. सुटसुटीत, सेटमध्ये येतं ते. आणि ही खोकी आता जाणार." लगेच तिने नामपूरला मामाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मामाचा मांडवाचा आणि साउंडचा छोटा धंदा होता, खोकी म्हटल्यावर तो फोनमधून बाहेर यायचाच बाकी राहिला. "ताई, कोनले देऊ नको! मी रविवारी कांदा लिसन येस नाशिकले. रिकामी गाडी जाई, तीमा टाकी लेस!" कांदे घेऊन येणार आणि परतताना खोकी गाडीत घालून नेणार. ठरलं. मी पप्पांकडे पाहिलं. जेवण झाल्यावर त्यांनी दोन्ही रुमाल काढून गॅलरीत नेले आणि झटकले. आमच्या घरात हे काम पप्पांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

ती खोकी पप्पांनी स्वतः बनवली होती, लग्नाच्या आधी. एवढं मला मम्मीच्या चिडचिडीतून माहीत होतं. त्यांचं मशीन कधीचंच जळालं होतं, आणि मशीनशिवाय स्पीकर म्हणजे टेबलच. मी त्या खोक्यांशेजारी लहानाची मोठी झाले आणि त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही. आता ते नामपूरला जाणार आणि कोणाच्या तरी हळदीत वाजणार, हे मला टोचायला लागलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती जी मम्मीला माहीत नव्हती. होम थिएटरला सेट लागत नाही. समोरचे दोन स्पीकर म्हणून ही खोकी चालली असती. फक्त त्यांना पेलेल असा ॲम्प्लिफायर हवा. आणि तो निवडण्यासाठी आधी एक आकडा हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी मम्मी विहारात गेली. तिच्या महिला मंडळाचा गाण्याचा सराव असे. पप्पा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. मी दारात उभी राहून वाक्य तपासलं आणि विचारलं, "पप्पा, तुमचे किती ओम आहेत?"

पप्पांचा हात थांबला. "कोण ओम?"

"ते... ओम."

"तुझ्या वर्गातला आहे का?" ते अगदी सहज विचारल्यासारखं बोलले, पण लसणाची पाकळी त्यांनी सालासकट वाटीत टाकली.

"नाही, नाही! मुलगा नाही. स्पीकरचे ओम. रेझिस्टन्स! चार ओम, आठ ओम..."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले, आणि मग इतक्या मोठ्याने हसले की मी दचकलेच. "ओहम! ओहम म्हण की गं! मी म्हटलं पोरीने कुठला ओम आणला घरात!" मग मांडी ठोकत, शाळेत पाठांतर म्हणतात तशा सुरात त्यांनी सुरू केलं, "वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना, वाहकातून जाणारी विद्युतधारा ही त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराशी समानुपाती असते. ओहमचा नियम!" मला त्यातलं 'विभवांतर' कळलं नाही, पण सूत्र मी लगेच बोटाने हवेत लिहिलं, आणि त्यांना ते कळलं. आम्ही दोघं वेगवेगळ्या भाषांत एकच धडा शिकलो होतो आणि इतकी वर्षं एकाच ताटात जेवूनही आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर जे झालं ते फार घाईघाईत झालं. उत्तरपत्रिका पलंगावर गेल्या. पप्पांनी माळ्यावरून स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर काढलं. खोक्याची मागची फळी निघाली तेव्हा आत कापूस होता, कोळ्याची जाळी होती, आणि लाल-काळ्या वायरीचे इतके नीट वळवलेले सांधे होते की मला मम्मीच्या वेणीची आठवण झाली. "आठ ओहमचे दोन," पप्पा म्हणाले. "शेजारी शेजारी जोडलेत, समांतर. म्हणजे किती झाले?" "चार," मी म्हणाले. "शाब्बास." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, त्याची दोन टोकं वायरींना टेकवली, आणि खोक्याच्या आतून आवाज आला, थप्. काळा कागदी पडदा नखाएवढा पुढे सरकून मागे गेला. पुन्हा टेकवला. थप्. मी ओरडलेच, "जिवंत आहेत!" पप्पा म्हणाले, "मी तर सांगितलं होतं तुला, लहानपणी." मी त्यांच्या हातातून सेल घेतला आणि चारही स्पीकर तसे वाजवून पाहिले, मग उगाचच पुन्हा एकदा वाजवले. घड्याळ बंद पडलेलं, लसूण तसाच, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून एका थप् आवाजावर खूश.

जुनं मशीन कसं जळालं तेही पप्पांनी तेव्हा सांगितलं. त्यांच्या वस्तीत जयंतीला ही खोकी वाजायची. एका वर्षी मिरवणूक लांब होती म्हणून मित्रांच्या आग्रहाने त्यांनी आणखी दोन खोकी त्याच मशीनला जोडली. "ओहम आणखी उतरले. ओहम कमी म्हणजे पाइप जाड, समजलं का? जाड पाइप लावला की टाकी भराभर रिकामी होते, मोटरला दम लागतो. तसा मशीनला दम लागला. आपलं गाणं ऐन रंगात आणि मशीनमधून धूर." चार ओहमची ही खोकी पेलणारं मशीन म्हणजे दमदार मशीन, सेटबरोबर येणारी बहुतेक मशीनं आठपर्यंतच बघतात, हे मी त्यांना सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते. आपण बोलतो आहोत आणि ॲम्प्लिफायर 'तो' आणि मशीन 'ते' हे सगळं आपोआप बरोबर येतं आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

राहिला प्रश्न मम्मीचा. "तू सांग तिला," पप्पा म्हणाले. "तुम्ही सांगा," मी म्हणाले. मम्मी परत आली, "घड्याळ का बंद आहे?" असं विचारलं, आणि पप्पांनी त्यात सेल परत घातला, मी लसूण सोलायला घेतला.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षाने मेन रोडकडच्या एका दुकानात गेलो. मधल्या सीटवर मम्मी, दोन बाजूंना आम्ही दोघं आपापलं वाक्य घोळवत. दुकान लांबट बोळासारखं होतं. पुढे मिक्सर, पंखे, मागे काळ्या चकचकीत डब्यांची रांग, आणि काउंटरवर तळहाताएवढी रंगीत खेळणी मांडलेली, ज्यांतून बटण दाबलं की मंत्र चालू होतो. आमच्या समोरच्या फ्लॅटची बेलही तशीच होती. कोणी दाबली की आमच्या हॉलमध्येही आधी मंत्र आणि मग पाहुणा. दुकानाचे मालक जितूभाई गोरेपान, घामाघूम, आणि मम्मीला बघताच उठून उभे राहणारे. "या मॅडम! होम थिएटर ना? एकदम लेटेस्ट पीस दाखवतो." त्यांनी सेट लावला. काउंटरची काच थरथरली, पंख्यांची पाती हलली, आणि कोणीतरी कोणाला तरी गोळ्या घालत होतं एवढंच कळलं. मम्मी कानावर हात ठेवून हसत होती. तिला तो आवडायला लागला होता. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पप्पांकडे पाहिलं. ते चपलेकडे बघायला लागले. तेव्हा मी काउंटरशी गेले, आणि जितूभाईंना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, यात चार ओम चालतं का?"

"ओम?" जितूभाईंचा चेहरा उजळला. "चार काय बेटा, अठ्ठावीस मंत्र आहेत! सगळे ओमवाले!" त्यांनी हात लांब करून त्या रंगीत खेळण्यातलं एक उचललं आणि बटण दाबलं. दुकानभर ओंकार घुमला.

मी जागच्या जागी वितळले. तेवढ्यात मागून मम्मीचा तो मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला. "अहो भाऊ, आमच्याकडे ते नाही लागत. आम्ही बौद्ध आहोत. तुमचं तुम्हाला असू द्या, पण आम्हाला असं मशीन द्या ज्यात ओम कमीत कमी असेल."

जितूभाईंनी खेळणं बंद केलं. त्यांनी मम्मीकडे नीट, आपादमस्तक पाहिलं. "कमीत कमी ओम?"

"हो. कमीत कमी."

"मॅडम, आधी सांगायचं ना!" ते एकदम खालच्या आवाजात, धंद्यातल्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागले. "मी तुम्हाला हे शोचे पीस दाखवत बसलो. हे सगळे आठवाले. कमी ओमवालं मशीन कोणी मागतच नाही, गिऱ्हाइकाला फक्त वॉट पाहिजे." त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून एक धुळकट खोकं काढलं, आणि त्यातून जे निघालं ते मी मागच्या बाजूने लगेच ओळखलं. रुंद, जड, साधं काळं. लाल-काळ्या स्क्रूंच्या खाली बारीक अक्षरात तो आकडा. "हे चारपर्यंत खाली जातं, मॅडम."

"चार?" मम्मी जरा नाराज झाली. "शून्यवालं नाही?"

"शून्य!" जितूभाई पोट धरून हसले. "शून्य केलं तर आग लागेल मॅडम!"

मम्मीने समजूतदारपणे मान हलवली. तिला वाटलं, माणूस श्रद्धेपोटी बोलतो आहे. "बरं, चार तर चार. शेजारीपाजारी सगळेच येतात आमच्याकडे, कोणाला वाईट नको वाटायला." पप्पा खोकण्याच्या निमित्ताने दुकानाबाहेर गेले. मी गालाच्या आतली बाजू चावून धरली.

"पण याचे स्पीकर कुठे आहेत?" मम्मीने विचारलं.

"हे मशीन मागणाऱ्याकडे स्पीकर आपले असतात," जितूभाई म्हणाले. "चार ओमवाले. असतील ना?"

"आहेत," दारातून पप्पा म्हणाले. दूधवाल्यालासुद्धा ऐकू गेलं असतं इतक्या स्पष्ट.

मम्मीने वळून पाहिलं. "ती खोकी?" आणि जितूभाईंनी आश्चर्याने हात जोडले, "घरात असा माल असताना तुम्ही सेट बघताय?" मम्मी विचारात पडली. दुकानदार पहिल्यांदाच तिच्याशी असा बोलत होता, पप्पांना टाळून, तिला जाणकार समजून. आणि ते तिला सोडवत नव्हतं. शेवटी तिने निकाल दिला. उद्या लावून बघायचं. आवाज तिला पसंत पडला तर खोकी राहतील. नाही पडला तर मशीन परत दुकानात, सेट घरात, आणि खोकी मामाच्या गाडीत. परतताना रिक्षात ती म्हणाली, "दुकानदाराला कळलं पाहिजे की समोरच्याला कळतं." आम्ही दोघं दोन बाजूंनी बाहेर बघत होतो.

रविवारी मामा वेळेआधीच आला, कांद्याची गोणी खांद्यावर घेऊन. तो आला की घराला नामपूरचा वास यायचा आणि मम्मी त्याच्यासाठी मुद्दाम कळण्याच्या भाकरी आणि तिखटजाळ शेवभाजी करायची. पप्पा आणि मी वायरी जोडत होतो. मामा जेवता जेवता उठला, हात न धुता मशीनच्या मागे वाकला आणि शिट्टी वाजवली. "चार ओहम! आरे, हाई तं चार ओहमवर चालस! दाजी, कोनी लिधं?"

"मी घेतलं," मम्मी ताठ्याने म्हणाली. "दुकानदार भलतंच देत होता. मीच म्हटलं, ओम कमीत कमी पाहिजे."

मामा डोळे विस्फारून तिच्याकडे बघत राहिला. "ताई, तुले ओहम समजस?"

"ओहम? ओहम काय?"

"आवं, हाईच ना! स्पीकरना रोध. ओहम जेवढा कमी, तेवढं मशीन तगडं लागस. लई भारी मागं तू!"

मम्मीचा हात भाकरीवर तसाच राहिला. ती मशीनकडे बघत होती, मग पप्पांकडे, मग माझ्याकडे. मम्मीला स्वतःची चूक चालायची, त्या चुकीवर कोणी हसलेलं मात्र चालत नसे. वर्गात तिच्या फळ्यावरच्या एका काना-मात्रेवर मुलं हसली होती, ते तिने आम्हाला महिनाभर ऐकवलं होतं. "म्हणजे," ती हळू म्हणाली, आणि तिचं हळू बोलणं मोठ्याने बोलण्यापेक्षा वाईट असायचं, "दुकानात तुम्हाला दोघांना माहीत होतं. मी काय बोलतेय ते. आणि तुम्ही बापलेक मजा बघत उभे राहिलात." तिने ताट सरकवलं. "भाऊ, जेवण झालं की ही खोकी गाडीत टाक."

मामा गोंधळला. पप्पांनी हातातली वायर खाली ठेवली. ते आता काही बोलणार नाहीत, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. ते उठून खोक्यांवर रुमाल घालतील आणि ती गाडीपर्यंत स्वतः उचलून नेतील. मी वाक्य तपासलं नाही.

"मम्मी, ती आमची मजा नव्हता," मी म्हणाले. नव्हता की नव्हती, जे काय असेल ते. "मी पहिला विचारलं ना काकांना, माझ्यामुळे ते ओम झालं. मला इंग्लिशमध्ये तसंच येतं. मग तू बोललीस. तू जे मागितलंस ते बरोबर होतं! एकदम बरोबर! मी वर्षभर वाचते आहे, मला हेच पाहिजे होतं आणि मला सांगता येत नव्हतं. तू एका वाक्यात सांगितलं. मग मी तुला काय सुधारू? बरोबर उत्तराला कोण सुधारतं?"

मी घरात एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. मामा तोंड उघडं ठेवून बघत होता. मम्मीचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण त्यांच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. "ती मजा नव्हती," ती म्हणाली. "मजा स्त्रीलिंगी." मग तिला ते आवरेना. ती हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "अगं बाई, मी त्याला शून्यवालं मागितलं की गं!" त्यावर पप्पा असे सुटले की ठसका लागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगताना 'आग लागेल' हा भाग मम्मीने स्वतः जितूभाईंच्या आवाजात करून दाखवला.

"हसून झालं," शेवटी ती म्हणाली. "म्हणून खोकी राहिली असं नाही हं. लाव. ऐकू दे."

काय लावायचं हे ठरवलेलं नव्हतं. मी तिचाच मोबाईल घेतला आणि टीव्हीला जोडला. त्यात विहारातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ होता, महिला मंडळ गात असलेला. फोनवर तो आम्ही पुष्कळदा पाहिला होता. त्यात खरखर आणि टाळ्या याशिवाय सुटं काही ऐकू यायचं नाही. मी आवाजाचं गोल बटण हळूहळू फिरवलं. आधी नुसती हवा आली. हॉल मोठा झाल्यासारखा वाटला, जणू भिंत मागे सरकली आणि तिथे विहाराची ती लांब खोली आली. कोणीतरी सतरंजीवर सरकून बसलं, बांगड्या किणकिणल्या, एक मूल "आई" म्हणालं आणि त्याला कोणीतरी श्शू केलं. आणि मग ढोलकी पडली. ती माझ्या कानांच्या आधी गुडघ्यांना कळली. बोट कुठल्या कडेला लागलं, तळवा कुठे दाबला गेला, सगळं सुटं सुटं. मामा म्हणाला, "आयायो!" पप्पा दिवाणावर बसले होते, हात मांडीवर, अंग पुढे, आणि त्यांचा चेहरा मी कधीच न पाहिलेल्या एका तरुण माणसाचा झाला होता. मग बायका गायला लागल्या. फोनमध्ये त्या सगळ्या मिळून एकच आवाज होत्या. इथे दहा बायका दहा जागी उभ्या राहिल्या.

मम्मी खोक्यासमोर जमिनीवर बसली. जरा वेळाने तिने कपाळाला आठी घातली. "डावीकडची ही कोण आहे? प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या आधी पळतेय."

पप्पा छताकडे बघायला लागले. मामाने कांद्याच्या गोणीची दोरी तपासली.

"तू आहेस," मी म्हणाले.

"मी?" तिने कान जवळ नेला. "थांब. परत लाव." मी परत लावलं. तिने डोळे मिटले आणि बोटांनी मांडीवर ताल धरला. "परत." तिसऱ्यांदा ती व्हिडिओतल्या स्वतःबरोबर गायला लागली, पण थांबून, ढोलकीची वाट बघून, आणि तिचा जमिनीवरचा आवाज त्या खोक्यातल्या आवाजाच्या जरासा मागे, अगदी बरोबर जागी पडायला लागला. ती गाऊन थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. "सगळ्यांना ऐकवलं पाहिजे हे," ती म्हणाली. "प्रत्येकीला आपापलं कळेल. आजच बोलावते. सराव इथेच करू." आणि ती उठून हॉलभर फिरायला लागली, पावलांनी जागा मोजत. दहा बायका, ढोलकी, पेटी, शिवाय पोरं.

"ताई," मामाने दबकत विचारलं, "मंग गाडी रिकामीच लई जाऊ का मी?"

मम्मी हॉलच्या मधोमध उभी राहिली, खिडकीपासून दारापर्यंत नजर फिरवली. "रिकामी कशाला? हा दिवाण ने. बायका बसणार कुठे?"

दिवाणावर पप्पा बसले होते, आणि दुपारी ते त्याच्यावरच झोपायचे. ते उठले. त्यांनी गादी गुंडाळून माझ्याकडे दिली, आणि मामा शर्टाच्या बाह्या सरसावेपर्यंत दिवाणाची डोक्याकडची बाजू उचललीसुद्धा. जिन्यात मामा ओरडत होता, "दाजी, हळू! दाजी, मना पाय!" आणि पप्पा, ज्यांना मी कधी घाईने चालतानाही पाहिलं नव्हतं, ते उलट्या पावलांनी भराभर जिना उतरत होते, आणि पहिल्या मजल्यावरच्या बंद दारांना सांगत होते, मोठ्याने, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!"